लखमशी नप्पू मार्ग : मांडवीच्या वखारीपासून माटुंग्याच्या सावलीपर्यंत

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतून माटुंग्याकडे, रुईया आणि पोदार महाविद्यालयांच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला सर्वजण 'एल. एन. रोड' म्हणतात. टॅक्सीवाले, महाविद्यालयीन तरुण, टपालवाले आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबेही हेच दोन अक्षरी नाव वापरतात. पाटीवर मात्र पूर्ण नाव आहे : लखमशी नप्पू मार्ग. हे नाव कोणाचे, असा प्रश्न केला तर उत्तर देणारे आज थोडेच आढळतात. मुंबईच्या धान्यबाजारातील एका कच्छी जैन व्यापाऱ्याचे नाव शहराच्या एका सुनियोजित निवासी रस्त्याला लाभावे, यामागे केवळ एका घराण्याचा गौरव नाही. दाट वस्तीत गुदमरलेले एक शहर मोकळ्या हवेच्या शोधात उत्तरेकडे कसे सरकले आणि त्या वाटचालीत कोणाला घर मिळाले व कोणाला मिळाले नाही, याचा इतिहास त्यामागे दडलेला आहे.

मांडवीतील संकट

या रस्त्याची कथा त्या रस्त्यावर सुरू होत नाही. ती सुरू होते तेथून कित्येक मैल दक्षिणेला, मांडवी आणि मस्जिद बंदर परिसरातील धान्याच्या वखारींमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छ, काठेवाड आणि गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी हा भाग गजबजून टाकला होता. खाली पेढी अथवा वखार, वर बिऱ्हाड, आणि त्याच इमारतीत मुनीम, गुमास्ते, हमाल व गावाकडून नव्याने आलेले जातभाई अशी तेथील राहणी असे. बंदर जवळ, बाजार जवळ आणि देरासरही जवळ असल्याने व्यवहाराच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती. परंतु खोल्यांत उजेड नव्हता, गल्ल्यांत वारा नव्हता आणि सांडपाण्याला वाट नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात याच मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिज्वराचे, म्हणजेच प्लेगचे, रुग्ण ओळखले. पुढील काही महिन्यांत शहराची अवस्था विदारक झाली. दुकाने बंद पडली, लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि मागे राहिलेल्यांना तपासणी, विलगीकरण व घरे रिकामी करून घेण्याच्या सक्तीला तोंड द्यावे लागले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी नोंदली गेली. सतत वाढत जाणाऱ्या या शहराच्या इतिहासात अशी घट विरळाच.

मांडवीतील व्यापारी समाजासाठी या संकटाला आणखी एक बाजू होती. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैज्ञानिकाने कराचीत केलेल्या प्रयोगांतून पुढे आले आणि नंतरच्या दशकातील संशोधनाने ते पक्के झाले. धान्याची वखार म्हणजे उंदरांचे माहेरघर. ज्या धान्यावर घर चालत होते, तेच रोगाला आसरा देत होते. उंदीर मारण्याच्या मोहिमांना जीवदयेच्या भावनेने अनेकांनी विरोध केला. त्या विरोधाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. आचार आणि आरोग्य यांच्यातील तो एक खराखुरा पेच होता. त्यातून सुटण्याचा टिकाऊ मार्ग एकच होता : वखार आणि बिऱ्हाड एकमेकांपासून वेगळे करणे. पुढे उपनगराने नेमके हेच साधले.

सुधार विश्वस्त मंडळ आणि नवा आराखडा

१८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' या शासननियुक्त मंडळाची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, अनारोग्यकारक घरे पाडणे आणि नव्या वस्त्यांसाठी जमीन तयार करणे ही त्याची मुख्य कामे होती. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सिडनहॅम रोड (सांप्रतचा मोहम्मद अली रोड) हे रस्ते त्याच्याच योजनांतून निर्माण झाले. परंतु जुने शहर फोडताना जी माणसे विस्थापित होत, ती जाणार कोठे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १८९९-१९०० च्या सुमारास दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील मोकळ्या जमिनींची योजना आखण्यात आली. दादर-माटुंगा भागात सुमारे ६०,००० लोकांची सोय व्हावी, असा अंदाज होता. इमारती तीन मजल्यांहून उंच नसाव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा असावी, असे योजनेचे सूत्र होते.

ही जमीन रिकामी होती, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. भातखाचरे, वाड्या, नारळी-ताडाची झाडे आणि छोटी गावठाणे तेथे होती. माटुंग्यास एके काळी इंग्रजांच्या तोफखान्याची छावणी होती. 'मातंग' म्हणजे हत्ती, आणि राजा भीमदेवाची हत्तीशाळा येथे असल्याने माटुंगा हे नाव पडले, अशीही एक लोककथा सांगितली जाते. शेती करणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमिनी संपादित झाल्या, खाचरे भरून निघाली आणि त्यांवर सरळ रेषांचे रस्ते आखले गेले. आजच्या टुमदार गल्ल्यांखाली कोणाची तरी शेते आहेत, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

योजना कागदावर आली तरी वस्ती लगेच उभी राहिली नाही. भूसंपादन, भराव, गटारे आणि पाणीपुरवठा यांत वर्षे गेली. पहिल्या महायुद्धामुळे बांधकाम साहित्य महागले. खरी उभारणी झाली ती मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांत. मंडळाने भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्यासोबत बांधकामाचे कठोर नियमही घातले.

साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

या नियमांपैकी एक नियम विशेष उल्लेखनीय आहे. मंडळाचे अध्यक्ष राहिलेले जे. पी. ऑर यांनी घरात पुरेसा उजेड आणि वारा यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचे सूत्र पुरस्कारले. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढली, तर समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकावता कामा नये, असा त्याचा आशय. सोप्या शब्दांत सांगायचे तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. दोन इमारतींत वीस फूट अंतर असेल, तर चाळीस फुटांपर्यंतच उंची.

प्लेगने शिकवलेला धडा येथे गणिताच्या रूपाने नियमात उतरला. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत, माटुंग्याच्या चौकांत आणि लखमशी नप्पू मार्गावर जी मोकळी हवा पुढील पिढ्यांना लाभली, ती योगायोगाने लाभलेली नव्हती. शेजारच्या घराला उजेड मिळालाच पाहिजे, ही अट प्रत्येक घरमालकाने मान्य केली होती. आपल्या भूखंडावर आपला हक्क आहे, पण तो शेजाऱ्याच्या खिडकीपाशी थांबतो, हे तत्त्व त्यात अभिप्रेत होते.

शेजारच्या पारशी कॉलनीचे उदाहरणही येथे दिले पाहिजे. स्थापत्य अभियंता मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या जातींची झाडे लावून घेतली. त्यामुळे जामे जमशेद मार्ग अशोकाच्या आणि फिर्दोसी मार्ग महोगनीच्या झाडांनी ओळखला जाऊ लागला.

चाळीतून ब्लॉकमध्ये

नव्या रस्त्यावर राहायला येणारे लोक प्रामुख्याने नोकरदार, वकील, डॉक्टर, शिक्षक आणि स्थिरावलेले व्यापारी होते. माटुंग्यात दक्षिण भारतीयांची मोठी वस्ती झाली, हिंदू कॉलनीत मराठी आणि गुजराती कुटुंबे आली, आणि मांडवी, चिंचबंदर व मस्जिद बंदर भागांतील कच्छी व गुजराती जैन कुटुंबेही हळूहळू उत्तरेकडे सरकली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली रेल्वेगाडी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली. उपनगरी रेल्वे आणि ट्रॅम यांमुळे पेढी दक्षिणेत व घर दादर-माटुंग्यात ही कल्पना व्यवहार्य झाली. 'दादर टी. टी.' या नावातील 'टी. टी.' म्हणजे ट्रॅम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदराहून शेवटची ट्रॅम दादरला आली. ट्रॅम गेली, नाव मात्र राहिले.

घराची रचनाही बदलली. चाळीत खोलीबाहेर सामाईक सज्जा असे आणि शौचकूप मजल्याच्या टोकाला. नव्या 'ब्लॉक'मध्ये स्वयंपाकघर, मोरी आणि शौचकूप एकाच दाराआड आले. आज ही बाब सामान्य वाटते, पण त्या काळी ती सहज स्वीकारली गेली नाही. स्वयंपाकघर आणि शौचकूप एकाच छपराखाली असावेत, ही गोष्ट शुचितेच्या जुन्या कल्पनांना खटकत होती. जैन कुटुंबांपुढे आणखी काही प्रश्न होते. पाणी गाळून घ्यावे आणि गाळल्यानंतरचे जीव मूळ जलाशयात परत सोडावे, हा आचार विहिरीच्या काठी सुलभ होता. नळाला जलाशय कोठून आणणार? उकाळेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, पर्वतिथीची पथ्ये हे सारे नव्या घरात नव्या वेळापत्रकानुसार बसवावे लागले. पेढीवरून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या गृहस्थाला चोविहार पाळायचा तर एक तर दुकान लवकर सोडावे लागे, किंवा डबा पेढीवरच पोहोचवावा लागे.

साधू-साध्वींचा विहार पायी असतो आणि गोचरी घरोघर जाऊन होते. म्हणून श्रावकांची वस्ती आणि उपाश्रय यांतील अंतर हा केवळ सोयीचा विषय नसून धर्माचरणाचा विषय ठरतो. किंग्ज सर्कल परिसरातील श्री जीवन अबजी ज्ञानमंदिर यासारखी धर्मस्थाने या उपनगरी स्थलांतरानंतर कुटुंबांचे केंद्र बनली. चातुर्मासातील व्याख्याने, पाठशाळा आणि आयंबिलाच्या ओळ्या यांनी नवख्या रस्त्यांना आपलेपण दिले. वस्ती उभी करणे मंडळाच्या अभियंत्यांना साधले. तिला शेजारधर्म मात्र रहिवाशांनीच दिला.

नावामागील घराणे

लखमशी नप्पू हे मुंबईच्या धान्यव्यापारातील कच्छी समाजाचे अग्रणी. त्यांचे पुत्र वेलजी लखमशी नप्पू हे उच्चशिक्षित होते. धान्य व्यापाऱ्यांच्या संघटनेत, स्थानकवासी जैन समाजाच्या कार्यात आणि राष्ट्रीय चळवळीच्या काळातील मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी आपले स्थान निर्माण केले. माटुंग्यातील नप्पू हॉल या घराण्याचे नाव आजही सांगतो. ज्या व्यापाराच्या वखारींनी मांडवीत रोगाचे सावट पाहिले, त्याच व्यापारातील एका घराण्याचे नाव स्वच्छ हवेच्या रस्त्याला मिळाले, हे या इतिहासाचे एक सूचक वळण आहे. पुढे घाऊक धान्यबाजार नवी मुंबईत हलला आणि दाणाबंदर या नावातच जुना व्यापार अधिक उरला. त्यामुळे लखमशी नप्पू हे नाव बाजारापेक्षा रस्त्यानेच अधिक जपले आहे.

विद्या आणि 'राजगृह'

या रस्त्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे शिक्षणसंस्था. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने १९३७ मध्ये रामनारायण रुईया महाविद्यालय आणि १९४१ मध्ये पोदार वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. १९७७ मध्ये वेलिंगकर व्यवस्थापन संस्थेची त्यांत भर पडली. १८८७ साली स्थापन झालेली तंत्रशिक्षण संस्था व्ही. जे. टी. आय. १९२३ मध्ये माटुंग्यास आली होती. व्यापारी कुटुंबांतील मुलांना, आणि पुढे मुलींनाही, घराजवळ महाविद्यालय मिळाले. शिक्षणासाठी मुलीला दूर धाडण्यास न धजणाऱ्या पालकांनी चालत जाण्याच्या अंतरावरील महाविद्यालयाला होकार दिला, हा या वस्तीचा मौनातील मोठा लाभ होय.

याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी आपले घर बांधले आणि त्याला नाव दिले 'राजगृह'. ग्रंथांसाठी बांधलेले घर अशीच त्याची ख्याती झाली. जैन वाचकाला या नावाची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. मगधाची राजधानी राजगृह ही श्रेणिक राजाची नगरी, मुनिसुव्रत स्वामींची जन्मभूमी. भगवान महावीरांनी राजगृह आणि नालंदा परिसरात चौदा चातुर्मास केल्याचे कल्पसूत्र सांगते. बौद्ध परंपरेतही त्या नगरीचे स्थान तितकेच मोठे आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्यदर्शनासाठी याच 'राजगृहा'समोर जनसागर लोटला होता. जुलै २०२० मध्ये या वास्तूच्या आवारात नासधूस झाली, तेव्हा सर्व थरांतून तिचा निषेध झाला.

'राजगृह' या वस्तीला एक प्रश्नही विचारते. ज्या काळात शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला भाड्याची खोली मिळणे दुरापास्त होते, त्या काळात या विद्वानाला घरासाठी स्वतः भूखंड घेऊन बांधावे लागले. मुळात ज्या गोरगरिबांची घरे प्लेगनंतर पाडली गेली, त्यांच्यासाठी म्हणून उपनगराचा विचार पुढे आला होता. प्रत्यक्षात भूखंडाचे मोल आणि ब्लॉकचे भाडे त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले आणि ते पुन्हा दाट चाळींतच परतले. नव्या वस्त्या जाती, भाषा आणि पंथांच्या नावांनी भरल्या. आपल्या माणसांत राहण्याची ओढ स्वाभाविक आहे. देरासर, उपाश्रय आणि शुद्ध आहार यांसाठी ती समजण्यासारखीही आहे. परंतु एकत्र येणे कोठे संपते आणि इतरांना दूर ठेवणे कोठे सुरू होते, याचा विचार प्रत्येक समाजाला करावाच लागतो.

उपनगराचे मध्य झाले

१९३३ मध्ये सुधार मंडळ महापालिकेत विलीन झाले. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. शहराच्या टोकाला असलेला हा रस्ता पाहता पाहता शहराच्या मध्यावर आला. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली ही नवी उपनगरे झाली आणि माटुंग्यातील अनेक कुटुंबांच्या पुढील पिढ्या तिकडे गेल्या.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले. हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे त्यामुळेच या भागात टिकली. मात्र गोठलेल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना आणि इमारती खंगत गेल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, उपकरप्राप्त इमारतींना आधार मिळाला आणि पुढे पुनर्विकासाचे पर्व सुरू झाले. तीन मजली घरांच्या जागी उंच मनोरे उभे राहू लागले. २०१२ मध्ये दादर-माटुंग्यातील काही भाग वारसा यादीत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवाशांतच मतभेद झाले. गळक्या छताखाली राहणाऱ्या वृद्धाला नवे, सुरक्षित घर हवे असते. त्याची गरज खोटी नाही. तर झाडांची सावली आणि मोकळे आकाश गमावण्याचे दुःख करणाराही चुकीचा नाही.

साडेत्रेसष्ट अंशांची रेषा आज नियमावलीतील जुनी गोष्ट वाटते. परंतु ज्या रोगाने ती रेषा आखायला लावली, त्याची आठवण २०२० च्या महामारीने ताजी केली. बंद खोल्या, दाट वस्ती आणि खेळती हवा यांचे मोल त्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने पुन्हा एकदा जाणले. मांडवीच्या वखारींत जे शिकले गेले, ते सव्वाशे वर्षांनीही जुने झालेले नाही.

रस्त्याच्या पाटीवर लखमशी नप्पू हे नाव आजही आहे. ते नाव पुढील पिढीने पूर्ण उच्चारावे आणि त्यामागचा अर्थ जाणून घ्यावा. नवी इमारत उभी करताना शेजाऱ्याच्या खिडकीत पोहोचणाऱ्या उजेडाचे मोजमाप आधी घेतले जावे. एका रस्त्याच्या इतिहासातून घेण्याजोगा बोध इतकाच, आणि तो आचरणात आणण्यासाठी कोणत्याही मंडळाच्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.